ऊन खाण्याचं पथ्य

समोरची परमार मॅन्शन पाडली
तेव्हा आमच्या खोलीत ऊन आलं.
सव्वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.
मंगळवारी, नऊ वाजून पाच मिनिटांनी
ते खिडकीतून उतरलं, शिलाई मशीनवर चढलं
आणि पायपुसण्यापाशी थबकलं,
माझगावात नवखं असल्यासारखं,
चप्पल कुठं काढायची ते न कळून.

सगळा मजला बघायला आला.
फ्लोरीनं तिच्या धाकट्याची ओली गादी आणून टाकली.
सासऱ्यांनी खुर्ची ओढली, बंडी काढली,
पाठ उन्हाला दिली
आणि डोळे मिटून म्हणाले, अहाहा.

मी पडदा शोधत होते.


चौदा वर्षं झाली. ल्युपस.
आधी नुसतेच सांधे. मग दोन्ही गालांवर
पंख पसरून बसलेलं लाल फुलपाखरू.
नणंदेनं विचारलं, कुठलं क्रीम लावलंस?
मग डॉक्टर मर्चंट, चष्मा कपाळावर सारून:
उन्हात जायचं नाही.
आणि त्याच कागदावर दोन ओळी खाली
ड जीवनसत्त्व, अकरा. फारच कमी.
मी विचारलं, ते कशानं वाढतं?
त्यांनी पेन खाली ठेवलं.
मग आम्ही दोघंही हसलो.
हसण्याची फी वेगळी नव्हती.

तेव्हापासून पुडी. साठ हजार युनिट,
सांगतील तितके रविवार, कोमट दुधातून.
उन्हाची चव कुणी विचारली तर मला सांगता येईल:
खडूसारखी, किंचित व्हॅनिला.


निरभ्र जानेवारीत छत्री उघडते म्हणून
गल्लीतली पोरं मला छत्रीमावशी म्हणतात.
मे महिन्यात मनगटापर्यंत बाह्या.
बसमध्ये मी जागा बघत नाही, दिशा बघते.
भाजीबाजारात कुठल्या दुकानाची ताडपत्री
किती वाजता किती पुढे सावली टाकते
ते पाढ्यासारखं पाठ आहे.
लोक तोऱ्यात म्हणतात,
माझे केस काही उन्हात पांढरे झाले नाहीत.
माझे खरंच झाले नाहीत.


फ्लोरीच्या मुलीनं कॉलेजातून आणलेली माहिती:
खिडकीची काच ऊन गाळते, पण उलटं.
हाडांना हवं ते बाहेर ठेवते,
मला बाधतं ते आत सोडते.
काचेला काय बोलणार.
मीही काही माणसांशी अशीच वागले आहे.


तरी एक दिवस बेतायचा निळा खडू घेतला
आणि ऊन पोचलं तिथं फरशीवर रेघ मारली.
दुसऱ्या दिवशी दुसरी.
डिसेंबरात ते कपाटाच्या पायाला शिवत होतं.
संक्रांतीनंतर बोट बोट मागं सरायला लागलं,
आणि त्याच्याबरोबर सासऱ्यांची खुर्ची.
रेघेच्या अलीकडे, सावलीत, मी काज-बटणं करते.
ते मान न वळवता म्हणतात,
सूनबाई, तुझ्या वाटणीचं खातोय हं.
मी म्हणते, खा. तुमचं कॅल्शियमही उतरलंय.

अकराला उन्हं निघून जातात.
सासरे बंडी चढवून पेपर घेतात.
मग मी पडदा सारते, खाली बसते
आणि ते जिथं होतं तिथं
सुजलेल्या बोटांचे दोन्ही तळहात टेकवते.

फरशी गरम असते.

गरम पाण्याच्या पिशवीसारखी नाही,
तिची ऊब घाईची असते.
ही सावकाश येते, बोटांच्या पेरांत शिरते,
अंगठ्याच्या मुळाशी थोडी घुटमळते.
रक्ताच्या तपासणीत ती दिसत नाही.
डॉक्टरांना मी अजून सांगितलेलं नाही.


पत्र्यावर बिल्डरचा बोर्ड लागलाय. बावीस मजले.
वॉचमन म्हणतो, दिवाळीनंतर काम धरतील.
सध्या खड्ड्यात पाणी आहे
आणि पाण्यात एक बगळा, बिनभाड्याचा.

फरशी पुसताना रेघा पुसल्या जातात,
तेवढा भाग मी कोरडा सोडते.
आज अकरा वाजून दहा.
साडेचार फरश्या गरम आहेत.
मी आधी उजवा हात टेकवते,
तो जास्त दुखतो.